ऐकून घेतलेला तंबोरा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ताईचा नातू साताऱ्यास आला होता. तो सांगलीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो आणि फावल्या वेळात गिटार वाजवितो. त्याची गिटार विजेवर चालणारी आहे. तिचे अंग भरीव लाकडाचे असल्यामुळे नुसती तार छेडली, तर शेजारी बसलेल्या माणसालाही तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. तारांखाली बसविलेली चुंबके तारांच्या कंपनांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करतात, तो क्षीण प्रवाह ॲम्प्लिफायर नावाच्या पेटीत वाढविला जातो आणि मग कोठे ध्वनिक्षेपकातून खणखणीत सूर उमटतो. अशी एक पेटी त्याला हवी होती. नवी घेण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. वसतिगृहातील खोली तिसऱ्या मजल्यावर आणि प्रवास नेहमी एस. टी.चा, तेव्हा जड पेटीही उपयोगाची नव्हती.

"मामाआजोबा," त्याने मला विचारले, "हलका, स्वस्त आणि तरीही चांगला, असा जुना ॲम्प्लिफायर कसा निवडावा हो?"

मला हसू आले. त्या यंत्रातले मला काडीचेही कळत नाही. पण हलका, स्वस्त आणि चांगला, हे तिन्ही शब्द याच क्रमाने आमच्या घरात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी उच्चारले गेले होते. तेव्हा वस्तू मात्र निराळी होती.

ते साल १९७२ होते. त्या वर्षी पावसाने महाराष्ट्राकडे पाठ फिरविली आणि मोठा दुष्काळ पडला. आम्ही साताऱ्यास मंगळवार पेठेतील एका जुन्या वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. अण्णा कोर्टात कारकून होते व नुकतेच निवृत्त झाले होते. सारा जन्म कागदपत्रांच्या नकला करण्यात गेल्यामुळे त्यांची दृष्टी अधू झाली होती. चष्म्याची एक काडी मोडली होती व तिच्या जागी त्यांनी दोरा बांधला होता. नव्या चष्म्यासाठी ते महिन्याला दहा-पाच रुपये बाजूला टाकीत असत.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिला गाण्याचे वेड होते. पोवई नाक्याजवळ राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे ती पाच वर्षे गाणे शिकत होती. परंतु त्या वर्षीच्या जून महिन्यात मेढ्याच्या पलीकडील एका खेड्यात तिला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी मिळाली. घराला त्या पगाराची गरज होती. तिने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. पिशवी भरली आणि ती गेली. दिवाळीला ती घरी आली, तेव्हा आईने सहज म्हटले, "एखादे भजन म्हण ना." ताईने दोन ओळी म्हटल्या आणि ती मध्येच थांबली. "सूर सापडत नाही," एवढेच ती म्हणाली व उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णा गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणाले, "मी तिच्याजवळ नसलो तरी चालेल, पण तंबोरा हवा. त्याच्या संगतीत रोज अर्धा तास बसली, तरी तिचा सूर तिला सोडून जाणार नाही."

घरी येऊन अण्णांनी पेटी उघडली आणि चष्म्याचे पैसे मोजले. ते एकशे पंचवीस रुपये भरले. "हलका पाहिजे," ते आईला म्हणाले, "तिला एस. टी.तून न्यायचा आहे, पुढे दोन मैल चालायचे आहे. स्वस्त पाहिजे, आणि तरी चांगला पाहिजे." शेजारच्या एका गृहस्थांनी हे ऐकले. "लोक खडी फोडून पोट भरताहेत आणि तुम्ही अशा साली तंबोरा घेता?" असे ते म्हणाले. अण्णांनी काही उत्तर दिले नाही. त्यांच्याही मनात तोच प्रश्न असावा, असे आता मला वाटते.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा, ताई आणि मी सांगलीच्या गाडीत बसलो. कऱ्हाड गेले, इस्लामपूर गेले, आष्टा आले. वाटेत ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसे खडी फोडीत होती. उन्हात बायकांच्या हातोड्या वर-खाली होत होत्या. ताई खिडकीतून ते पाहत होती. मध्येच ती म्हणाली, "अण्णा, परत जाऊया का?" अण्णा म्हणाले, "आता निघालोच आहोत, तर पाहून तरी येऊ."

सांगलीस आमची मावशी कृष्णेच्या काठी, गणपतीच्या देवळापासून जवळच राहत असे. तिच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी गाणे सोडले होते व त्यांना आपला तंबोरा द्यावयाचा होता. काय देखणा तंबोरा होता तो! तबलीच्या कडेने पांढऱ्या नक्षीची वेलबुट्टी, खुंट्या कातीव, भोपळा घागरीएवढा. त्याची उंची माझ्या डोक्याच्याही वर होती. ते गृहस्थ म्हणाले, "शंभर रुपये द्या. चांगल्या घरी जातो आहे, याचे मला समाधान आहे." अण्णांचा चेहरा उजळला. इतकी सुंदर वस्तू इतक्या थोड्या पैशांत! मी तो उचलून पाहण्याचा प्रयत्न केला आणि माझी त्रेधा उडाली. ताईने तो पुढ्यात घेतला, तेव्हा गृहस्थांनी तिला विचारले, "तुझी पट्टी कोणती?"

"काळी चार," ताई म्हणाली.

त्यांनी मान हलविली. "मुली, मग हा तुझा नव्हे. हा पुरुषाच्या आवाजासाठी घडविलेला तंबोरा आहे. याच्या तारा लांब. तुझ्या सुरापर्यंत त्या ताणल्या, तर तुटतील. पैशांसाठी मी तुला तो देऊ शकेन, पण तो तुझ्याकडे कोपऱ्यात पडून राहील. तुम्ही मिरजेला जा."

मिरज तेथून जेमतेम सहा मैल. शाळेत भूगोलात जंक्शन म्हणून शिकलेल्या त्या गावाची दुसरी ओळख मला त्या दिवशी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे फरीदसाहेब नावाचे एक कारागीर होते. त्यांचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणाऱ्यांचे. संस्थानी लढाया संपल्या, शस्त्रांचे दिवस गेले, आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात गाण्याबजावण्याला मात्र बहर होता. फरीदसाहेबांनी नादुरुस्त वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडविण्याची विद्या हस्तगत केली. शस्त्रांना पाणी देणारे हात तारांना सूर देऊ लागले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांना लोक सतारमेकर म्हणू लागले आणि तेच त्यांचे आडनाव झाले. किराणा घराण्याचे थोर गायक अब्दुल करीम खाँ याच गावी राहिले. १९३७ साली ते निवर्तले, तेव्हा ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथील उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवयी येऊन हजेरी लावतात.

त्या गल्लीत आम्ही शिरलो, तेव्हा ओट्या-ओट्यावर सुकलेले भोपळे रचलेले होते. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. ते कडू असतात आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी पिकतात. महिनोन्‌महिने वाळवून ते लाकडासारखे कठीण होतात, मग त्यांचे वाद्य होते. दांडी आणि तबली तूण नावाच्या झाडाच्या लाकडाची. एका ओट्यावर एक म्हातारे कारागीर कानस घेऊन बसले होते. अण्णांनी आपली गरज व आपली ऐपत दोन्ही त्यांना सांगितल्या. त्यांनी ताईकडे पाहून तोच प्रश्न विचारला, "बेटी, पट्टी कोणती?"

प्रथम त्यांनी एक तंबोरी काढली. ती संपूर्ण लाकडाची, लहानशी, काखेत मारून नेता येईल अशी होती. मी आनंदाने ओरडलो, "अण्णा, हीच!" चाचांनी तारा छेडल्या. सूर उमटला आणि लगेच विझला. दाराबाहेर उभ्या राहून बोलणाऱ्या माणसासारखा तो आवाज होता. घरात येतच नव्हता. चाचा म्हणाले, "प्रवासाला ठीक आहे. पण जिला चार कोस कोणी गाणारे भेटणार नाही, तिला ही पुरणार नाही."

भिंतीशी एक तंबोरा चकाकत होता. त्याच्याकडे माझी नजर वळलेली पाहून त्यांनी मला जवळ बोलाविले. "एक डोळा मिटून या दांडीवरून पाहा. सुतार फळी पाहतो तसे." मी पाहिले. दांडी मधोमध किंचित पुढे झुकली होती. "हा दुरुस्तीला आलेला आहे, विकायचा नाही," ते हसून म्हणाले, "पण ध्यानात ठेव. जुने वाद्य घेताना रंग पाहू नये. भोपळ्याला तडा गेला तर तो सांधता येतो. खुंटी सैल झाली तर बदलता येते. घोडीवर तारांनी खाचा पाडल्या तर ती घासून पुन्हा जवारी काढता येते. पण दांडी वाकली, तर तंबोऱ्याचा कणाच वाकला."

शेवटी त्यांनी आतून एक तंबोरा आणला. त्याचा रंग जागोजाग उडाला होता. भोपळ्यावर वीतभर लांबीची एक जुनी भेग होती. ती सरसाने सांधलेली होती व आतून कापड चिकटविलेले होते. एक खुंटी इतर तिघींहून निराळ्या लाकडाची होती. बाईच्या आवाजासाठी केलेला, म्हणून तो आखूड होता. मी उचलला, तर सहज उचलला गेला. "भोपळा चांगला मुरलेला आहे, म्हणून हलका आहे," चाचा म्हणाले. त्यांनी बोटाच्या पेराने भोपळ्यावर टिचकी मारली. मडके पारखताना कुंभार मारतो तशी. आतून भरीव, न चिरकणारा नाद आला.

मग त्यांनी तो लावावयास घेतला. तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. खुंट्या पिळून तारा सुरात आल्या, तरी आवाज कोरडाच वाटत होता. तेव्हा चाचांनी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकविला आणि तो केसभर मागे-पुढे करू लागले. घोडीचा माथा दिसावयास सपाट असतो, पण तो किंचित उताराचा असतो. तार त्याला हलकेच शिवत कंप पावते. दोरा नेमक्या जागी आला की तार गुणगुणू लागते. हीच जवारी. तारेचा तो नाजूक कंप घोडीतून तबलीत उतरतो, तबलीतून भोपळ्यातील हवेत शिरतो आणि वाढून बाहेर येतो. दांडी पोकळ, भोपळाही पोकळ. पोकळ आहे म्हणूनच तो बोलतो.

त्या मोडक्यातोडक्या वाद्यातून एकदम असा नाद निघाला की गल्लीतील गोंगाट मला ऐकू येईनासा झाला. ताईने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "चाचा, गांधार ऐकू येतो."

मी बुचकळ्यात पडलो. गांधाराची तर तार त्यात नव्हती! चाचांचा चेहरा मात्र खुलला. त्यांनी मला समजावून सांगितले, की खर्जाची तार उत्तम लागली आणि जवारी नेमकी असली, तर न छेडलेला गांधार तिच्यातून आपोआप उमटतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाबरोबरच तिच्यात पाचपट वेगाची जी सूक्ष्म कंपने होत असतात, त्यांचा तो सूर, हे शास्त्र मी पुढे महाविद्यालयात शिकलो.

चाचांनी हात थांबविला. नाद हळूहळू विरून गेला. इतका वेळ अण्णा भिंतीला टेकून बसले होते. दोऱ्याचा तो चष्मा त्यांनी काढून हातात धरला होता. ते म्हणाले, "मला गाण्यातले कळत नाही, आणि ही भेग-बीग मला नीट दिसतही नाही. पण हा थांबला आणि खोली रिकामी वाटू लागली. हाच घेऊया."

किंमत एकशे वीस रुपये निघाली. अण्णांनी पैसे काढले. तेवढे दिले असते, तर परतीचे भाडे उरले नसते. त्यांचे मोजणे लांबले. ताईच्या ते ध्यानात आले. ती म्हणाली, "राहू द्या, अण्णा. तुमचा चष्मा व्हायचा आहे. दुष्काळ सरला म्हणजे पाहू." चाचांनी तिच्या तोंडाकडे पाहिले, मग अण्णांच्या हातातील चष्म्याकडे पाहिले. "शंभर द्या," ते म्हणाले. "उरलेले वीस बेटी पुढच्या उरुसाला आणून देईल. त्या निमित्ताने चार गवयी तिच्या कानांवर पडतील." कागद नाही, सही नाही. त्यांनी नवा दोरा आणि तारांचे एक वेटोळे तिच्या हातात ठेवले.

परतताना गाडीत अतोनात गर्दी होती. तंबोरा ठेवायचा कोठे? ताईने तो मांडीवर उभा धरला होता. आष्ट्याला खडीच्या कामावरच्या काही बायका गाडीत चढल्या. त्यांतील एक म्हातारी ताईशेजारी येऊन बसली. "पोरी, एवढी मोठी एकतारी कशापायी गं?" तिने विचारले. ताईने सांगितले. रस्ता खडबडीत होता. प्रत्येक खड्ड्याला ताईचा जीव खालीवर होई. म्हातारीने काही न बोलता आपला पदर भोपळ्याखाली घातला आणि इस्लामपूर येईपर्यंत तो भोपळा दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्या हातांना हातोडीचे घट्टे पडलेले होते. उतरताना ती म्हणाली, "म्हण बाई, म्हण. चांगलं म्हण." अशा साली तंबोरा का घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नसते, परंतु तो प्रश्न त्यानंतर आमच्या घरात कोणी विचारला नाही.

आईने आपल्या जुन्या लुगड्याची गवसणी शिवली. 'आकाशाला गवसणी घालणे' असे आपण म्हणतो, पण गवसणी म्हणजे मुळात वाद्याची खोळ, हे मला तेव्हाच कळले. त्या गवसणीत गुंडाळलेला तंबोरा खांद्यावर टाकून ताई मेढ्याच्या गाडीने गेली. पुढच्या उरुसाला ती मिरजेस जाऊन वीस रुपये देऊन आली आणि रात्रभर गाणे ऐकून आली. अण्णांचा चष्मा तिने त्याआधीच तिच्या पगारातून करून दिला होता.

ताई नामांकित गायिका झाली नाही. तशी तिची आकांक्षाही नव्हती. पण तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत ज्या ज्या गावी तिची बदली झाली, त्या त्या शाळेत तो तंबोरा गेला. त्याच्या सुरावर शेकडो मुलांनी प्रार्थना म्हटली. आवाज कोठे लावावा हे त्या मुलांना कोणी शिकविले नाही. ती ऐकून ऐकून शिकली.

हे सारे आठवत असताना ताईचा नातू उत्तरासाठी थांबला होता. मी म्हटले, "हा प्रश्न तू आजीला विचार." ताई आता सत्तरी ओलांडून गेली आहे. तिने प्रश्न नीट ऐकून घेतला आणि त्या पेटीतले काय बिघडते, काय दुरुस्त होते, हे त्यालाच विचारले. तो म्हणाला, "जुन्या पद्धतीच्या काचनळ्यांच्या पेट्या फार जड असतात, ट्रान्झिस्टरच्या हलक्या. बटण फिरविताना खरखर झाली, तर पुष्कळदा आत धूळ बसलेली असते, ती साफ करता येते. पण ध्वनिक्षेपकाचा पडदा फाटला असेल, तर खर्च मोठा."

"मग तुला सगळे ठाऊक आहे," ताई म्हणाली. "आता एवढेच कर. दुसऱ्याची गिटार घेऊन पाहू नकोस, तुझी स्वतःची ने. मोठ्याने वाजवू नकोस. मोठ्या आवाजात दोष लपतात. अगदी हळू लाव, एकच तार छेड आणि ती पुरती विझेपर्यंत डोळे मिटून ऐक. मग काही न छेडता नुसता बस आणि पेटी काय बोलते ते ऐक. रंग आणि नाव पाहायचे, ते शेवटी."

नातवाने मान डोलाविली आणि त्याचे लक्ष कोपऱ्यातील तंबोऱ्याकडे गेले. त्याला एक शंका होती. आता भ्रमणध्वनीतूनही तंबोऱ्याचा नाद हवा तेव्हा ऐकता येतो. त्याला वजन नाही, त्याच्या तारा उतरत नाहीत. मग आजीने हा जुना कशाला ठेवला? ताई म्हणाली, "तोही चांगला आहे. प्रवासात मीही तोच लावते. पण हा मला लावावा लागतो. लावण्यासाठी ऐकावे लागते. माझा अर्धा रियाज त्यातच होतो." मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, त्या दिवशी तिने त्या जुन्या तंबोऱ्याला नव्या तारा घातल्या होत्या.

सुट्टी संपवून तो सांगलीस परतला. आठ-दहा दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. त्याने तीन पेट्या पाहिल्या होत्या. एक झगझगीत होती, एक फारच जड होती. तिसरीचे कोपरे झिजलेले होते आणि मूठ तारेने बांधलेली होती. ती त्याने घेतली.

"तीच का घेतलीस?" ताईने विचारले.

"तू सांगितलेस तसे ऐकले, आजी," तो म्हणाला. "ती बंद केली, आणि खोली रिकामी वाटली."

ताईने माझ्याकडे पाहिले. अण्णांचे ते शब्द त्याला आम्ही दोघांपैकी कोणीही सांगितले नव्हते.